हुगळीचे बार आणि आमची वाशिष्ठी : बांधलेल्या नदीतली सरकती वाट

सागरवाट | १२ जानेवारी, रात्री ९:४०

मागे कोकणातल्या खाड्यांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "धरणाचं पाणी आता बारमाही सुटतं, मग खाडी भरत का चालली आहे?" तिथे मी दोन ओळींत काहीतरी लिहिलं, पण समाधान झालं नाही. हाच प्रश्न मी जहाजावरच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत कोलकात्याच्या हुगळी नदीत ऐकला होता, तोही रोज. म्हणून वेगळा धागा काढतोय. जरा लांबेल.

कोलकाता बंदर समुद्रावर नाही. बंगालच्या उपसागरात सँडहेड्स म्हणून जागा आहे, तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, नदीकाठी आहे. एवढी वाट जहाज पायलटच्या, म्हणजे नदीची वाट दाखवणाऱ्या जाणकाराच्या, भरवशावर चालतं. ती वाट सरळ नाही आणि एका जागी राहतही नाही. नदी वळली की बाहेरच्या काठाला पाणी खोल आणि आतल्या काठाला वाळू, हे आपण कुठल्याही ओढ्यात पाहतो. पुढचं वळण उलट्या बाजूला असलं की खोल पाण्याला या काठावरून त्या काठाला जावं लागतं. मधल्या त्या पट्ट्यात प्रवाह फाकतो, त्याचा जोर मोडतो आणि वाळू खाली बसते. तोच बार. घरात शिरताना उंबरठा ओलांडावा तसा प्रत्येक दोन डोहांमध्ये एकेक वाळूचा उंबरठा. कोलकात्यापासून खाली संक्राईल, मोयापूर, रोयापूर, फलता, बलारी, ऑकलंड, जेलिंगहॅम ही नावं आम्हाला पाठ असायची. बंदराकडून रोजच्या पाण्याचा अंदाज यायचा, कुठल्या दिवशी किती ड्राफ्टचं (म्हणजे पाण्याखाली किती खोल बुडणारं) जहाज आत येऊ शकेल त्याचा. त्या आकड्यावर माल भरायचा. चार बोटं पाणी कमी झालं तर शेकडो टन माल मागे राहतो.

मी थर्ड ऑफिसर होतो तेव्हाचा एक प्रसंग. सकाळची वेळ, भरती लागलेली, पाणी दुधाच्या चहासारखं. बार जवळ आला तसं पायलटसाहेबांनी इंजिन हळू करायला सांगितलं. उथळ पाण्यात जहाज वेगात गेलं तर ते आणखी खाली बसतं, तळाकडे ओढलं जातं. मी खोली मोजणाऱ्या इको साउंडरचे आकडे मोठ्यानं वाचत होतो. तळाखाली दोन मीटर, दीड, एक, शून्य दशांश सात. मग पायाखाली बारीक थरथर सुरू झाली, सुकाणूवरचा माणूस म्हणाला चाक जड लागतंय, मागे वळून पाहिलं तर आमच्या पाठीमागचं पाणी काळपट झालेलं. आम्ही तळाचा चिखल ढवळत चाललो होतो. आणि जहाज थांबलं. आवाज नाही, धक्का नाही, नुसतं थांबलं.

पायलटसाहेब घड्याळ बघत उभे राहिले. वीस मिनिटांत भरती हातभर चढली आणि जहाज आपसूक सुटलं. त्या दिवशी कळलं की बार नेहमी चढत्या पाण्यावरच का ओलांडतात. उतरत्या पाण्यावर रुतलो असतो तर पाणी खालून निघून गेलं असतं आणि पुढची भरती येईपर्यंत जहाज वाळूवर आडवं. रूपनारायण आणि दामोदर जिथे हुगळीला मिळतात, त्या दोन संगमांच्या मधल्या वाळूला आजही जेम्स अँड मेरी म्हणतात. १६९४ साली 'रॉयल जेम्स अँड मेरी' हे जहाज तिथे बुडालं, त्यावरून ते नाव पडलं. तिथे रुतलेलं जहाज भरतीच्या लोंढ्यानं उलटायचंसुद्धा.

आता मूळ प्रश्न. गंगेतून भागीरथी फुटते ते तोंड वाळूनं बुजत गेलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पावसाळा सोडला तर गंगेचं पाणी भागीरथीत, म्हणजेच पुढे हुगळीत, जवळपास येतच नव्हतं. वरून पाणी नाही आणि खालून रोज दोनदा भरती. मग फराक्का आलं. १९७५ साली सुरू झालेला सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा, १०९ दरवाजे आणि गंगेचं पाणी भागीरथीत आणणारा ३८ किलोमीटरचा कालवा. ४०,००० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, सोडायचा त्याचा संकल्प. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ लाख ३३ हजार लिटर. एवढ्या पाण्यानं नदी धुऊन निघेल अशी अपेक्षा होती.

निघाली का? कोलकात्याच्या वरच्या अंगाला फरक पडला, खारेपणा घटला. पण खाली, डायमंड हार्बरच्या पुढे जिथे नदी मैल मैल रुंद होते, तिथले बलारी, ऑकलंड, जेलिंगहॅम तसेच राहिले. काही ठिकाणी आणखी वाईट झाले. गाळ उपसणारे ड्रेजर थांबले नाहीत.

माझं म्हणणं असं की नदीला किती पाणी दिलं एवढ्यावर तिची वाट ठरत नाही. ते कधी दिलं, त्या वेळी भरती होती की ओहोटी, उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) होतं की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), यावर ठरते. कोकणातल्या खाड्यांच्या लोकांनी यावर लिहावं, विशेषतः कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, जिथे येतं त्या चिपळूणच्या वाशिष्ठीच्या.

---

हावड्याची_सून | १२ जानेवारी, रात्री ११:०५

सागरवाट दादा, वाचताना घाटावर उभी आहे असं वाटलं. अठरा वर्षं झाली मला हावड्यात. माहेर वाईचं, त्यामुळे नदी एकाच दिशेला वाहते हेच मला ठाऊक. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात सकाळी गंगा (हुगळीला इथे गंगाच म्हणतात) दक्षिणेकडे जाताना पाहिली आणि दुपारी तीच नदी, तीच जलपर्णी घेऊन, उत्तरेकडे निघाली होती. मी सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्यांना त्यात दाखवण्यासारखं काय आहे ते कळेना.

इथे बान येतो. मोठ्या उधाणाला भरती पाण्याच्या भिंतीसारखी नदीतून वर चढते. घाटावर "बान आशछे" अशी हाक उठली की बायका कपडे, बादल्या उचलून पायऱ्या चढतात. नावाडी मात्र उलट करतात, नावा काठापासून सोडून भर पात्रात नेतात. तिथे पाणी खोल, त्यामुळे लाट फुटत नाही, नाव नुसती उचलली जाते. काठाला बांधलेली नाव आपटून फुटते. सगळ्यात मोठ्या बानाला षाँड़ाषाँड़ी बान म्हणतात, दोन सांडांच्या झुंजीवरून. फराक्काच्या आधी बान याहून भयंकर असायचा असं आमच्या घाटावरचे म्हातारे सांगतात.

पाण्याच्या खारेपणाचंही खरं. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या तरुणपणी उन्हाळ्यात नळाचं पाणी मचूळ लागायचं. शहराचं पाणी पलत्याहून, याच नदीतून येतं. त्यामुळे फराक्काचा उपयोग झाला नाही असं इथलं कुणी म्हणणार नाही.

---

सागरवाट | १२ जानेवारी, रात्री ११:२०

ताई, नावा भर पात्रात नेण्याचं सांगितलंत ते फार मोलाचं. बानाच्या दिवसांत नदीत नांगरलेल्या जहाजांनाही जादा दोर, जादा साखळ्या लावाव्या लागायच्या. आणि हो, फराक्का फुकट गेलं असं मलाही म्हणायचं नाही. पिण्याचं पाणी गोड राहिलं ही लहान गोष्ट नव्हे.

---

निनाद_ठाणे | १३ जानेवारी, सकाळी ८:१५

एक साधा प्रश्न. ४०,००० क्युसेकनं होत नसेल तर जास्त सोडा. गंगेला पाणी कमी आहे का? पावसाळ्यात तर लाखो क्युसेक वाहून जातं.

---

पाणमोजणी | १३ जानेवारी, दुपारी १:३०

निनाद, प्रश्न रास्त आहे. मी खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नोकरी केली, आता निवृत्त आहे. १९१६ पासूनची ही संस्था. हुगळीच्या प्रश्नावर तिथे फार काम झालं आहे. नदीचं प्रारूप म्हणजे जमिनीवर सिमेंटमध्ये घडवलेली छोटी नदी. एका टोकाला भरती-ओहोटी तयार करणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला वरून येणारं पाणी. उभं प्रमाण आडव्यापेक्षा मोठं ठेवावं लागतं, नाहीतर पाण्याचा नुसता पापुद्रा उरतो. खऱ्या नदीतला साडेबारा तासांचा भरती-ओहोटीचा फेरा तिथे काही मिनिटांत होतो. पाण्यावर तरंगे सोडून त्यांचा मार्ग बघायचा. तासन्‌तास ते बघून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली: भरतीची वाट आणि ओहोटीची वाट एक नसते.

हे नीट समजून घ्या, सगळं यावर उभं आहे. भरतीचं पाणी समुद्राकडून जोरात येतं आणि सरळ घुसतं. ते स्वतःची चर खणत जातं आणि वरच्या टोकाला, जोर ओसरेल तिथे, वाळू टाकून थांबतं. ओहोटीचं पाणी वरून येतं, नदीच्या वळणाबरोबर वळतं, दुसऱ्याच बाजूनं चर खणतं आणि खालच्या टोकाला वाळू टाकतं. रुंद खाडीत या दोन चरी शेजारी शेजारी असतात, एकमेकींना चुकवून गेलेल्या. त्यांच्या मधली जी वाळू तोच आपला दांडा किंवा बेट, बंगालीत 'चर'. कोलकात्याच्या खाली असलेल्या हल्दिया बंदरासमोरचं नयाचर बेट असंच मागच्या शतकात पाण्यातून वर आलं. बंगालीत 'नया चर' म्हणजे नवी वाळू. त्याच्या पश्चिमेनं हल्दियाचा चॅनल, पूर्वेनं रांगाफला. ओहोटीचं पाणी हल्दियाकडे वळावं म्हणून नयाचरच्या उत्तर टोकाकडे दगडी गाइड वॉलही बांधली गेली. पण एका अंगाला पाणी वळवलं की दुसऱ्या अंगाचा जोर घटतो. बलारीची वाट इतकी भरली की कोलकात्याची जहाजं रांगाफलाकडून जाऊ लागली. पुढे ऑकलंडचा बार आवरेना, तेव्हा २०१० नंतरच्या दशकात ईडन चॅनल वापरात आला. तो नदीनंच खोल करून ठेवला होता, माणसानं फक्त ओळखला.

दुसरी गोष्ट वेळेची. कोरड्या दिवसांत कोलकात्याला भरती साधारण चार तास चढते आणि ओहोटी साधारण आठ तास उतरते. तेवढंच पाणी चार तासांत वर यायचं म्हणजे वेग जास्त. वाळू उचलायला वेग लागतो, म्हणून भरती वाळू वर आणते आणि ओहोटी ती सगळी परत नेऊ शकत नाही. हा एक पंपच आहे, रोज दोनदा चालणारा. पावसाळ्यात वरून लोंढा आला की पारडं फिरतं, ओहोटी जड होते आणि साठलेलं खाली ढकललं जातं. नदीचा वर्षाचा हिशेब असा दोन ऋतूंत मिळून जुळतो.

आता तुझं "जास्त सोडा". फराक्काचे दरवाजे २७ लाख क्युसेकच्या पुरासाठी आखलेले आहेत, पण तो पूर गंगेच्या मुख्य पात्रातून पुढे बांगलादेशात जातो. हुगळीकडे जाणारा कालवा ४०,००० चाच. आणि टंचाई असते ती जानेवारी ते मे. त्या काळात दोन्ही देशांना पाणी हवं असतं. १२ डिसेंबर १९९६ चा करार आहे, ३० वर्षांचा, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतचा. फराक्काला ७०,००० क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं निम्मं. शिवाय ११ मार्च ते १० मे या दिवसांत दर दहा दिवसांनी आलटून पालटून एकेका देशाला ३५,००० ची हमी. ज्या दहा दिवसांत हमी बांगलादेशची, त्यात भारताच्या कालव्याला उरलेलं मिळतं. मार्च २०१६ मध्ये कालव्याची पातळी इतकी उतरली होती की फराक्काच्या औष्णिक वीज केंद्राचे संच बंद करावे लागले.

---

सागरवाट | १३ जानेवारी, दुपारी २:१०

साहेब, तुमच्या या शेवटच्या परिच्छेदामुळे माझ्या डोक्यातली एक जुनी गाठ सुटली. मार्च-एप्रिलमध्ये आम्हाला एका फेरीला बार बरा मिळायचा आणि पुढच्या फेरीला वाईट, आणि त्यात काही नियम सापडायचा नाही. पाण्याचा फेरा दहा दिवसांचा आणि उधाणाचा फेरा साधारण पंधरा दिवसांचा. दोन घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. कधी कमी पाण्याचे दहा दिवस नेमके उधाणावर येणार, भरतीचा पंप जोरात असताना. कधी ते भांगावर येऊन निभावून जाणार.

---

पाणमोजणी | १३ जानेवारी, दुपारी ४:४५

बरोबर दिशेनं जाताय. मात्र फराक्काचं पाणी खाली पोचायला काही दिवस लागतात आणि वाटेत त्याच्या चढउताराची धार बोथट होते, हे धरून चला. वरच्या पट्ट्यात तुम्ही म्हणता तो परिणाम जास्त, बलारीच्या खाली कमी. तिथे भरतीचं पाणीच कालव्याच्या पाण्याच्या कैक पट असतं.

---

सुरभि_भूगोल | १३ जानेवारी, रात्री ८:००

दामोदरचा उल्लेख आला, त्यावर थोडं. दामोदर खोरे महामंडळाची धरणं १९५० च्या दशकातली: तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. त्यांच्या आधी दामोदरचे पूर भयानक होते. माणसं मरत होती, शेती जात होती, त्यामुळे धरणं बांधणाऱ्यांना दोष देताना हे विसरू नये. पण तेच पूर हुगळीच्या खालच्या भागातली वाळू ढकलत होते. कपिल भट्टाचार्य नावाचे बंगाली अभियंते होते. दामोदरचे पूर अडवले तर हुगळीचं तोंड गाळानं भरेल, आणि फराक्काच्या पाण्यानं ती उणीव भरून निघणार नाही, असं ते तेव्हाच सांगत होते. लोकांनी त्यांना देशविरोधी ठरवलं. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते आणि दरवर्षी त्यांचं नाव आवर्जून सांगते.

सारख्या प्रमाणात सोडलेलं पाणी आणि पूर यांतला फरक मुलांना कसा समजवायचा? मी वर्गात एक करते. मोरीत तांदळाचे दाणे पसरायचे. नळ बारीक सोडून दहा मिनिटं ठेवला तरी दाणे हलत नाहीत. तेवढंच पाणी बादलीत साठवून एकदम ओतलं की सगळे जाळीपाशी जाऊन बसतात.

---

गोवळकोटकर | १४ जानेवारी, सकाळी ७:२०

सागरवाट काका, तुम्ही हाक मारलीत म्हणून लिहितोय. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

माझं घर गोवळकोटच्या धक्क्याजवळ. वाशिष्ठी इथून दाभोळला समुद्राला मिळेपर्यंत चाळीसेक किलोमीटर खाडीच आहे. आजोबांचा मचवा होता. कौलं, मीठ, धान्य दाभोळहून भरतीवर वर आणायचे आणि सुकतीवर, म्हणजे ओहोटीवर, रिकामे खाली जायचे. ते म्हणायचे, देवळाचा कळस आणि पलीकडच्या काठावरचा जोडमाड एका रेषेत धरला की पाणी खोल. आज ती रेष धरली तर होडी सरळ वाळूच्या दांड्यावर चढते. माड तोच, देऊळ तेच. खोल पाणी पन्नास-साठ वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पलीकडच्या कालुस्त्याच्या बाजूला सरकलंय.

कोयनेचं अवजल कसं येतं ते बाहेरच्यांसाठी सांगतो. कोयना नदी मुळात पूर्वेला जाणारी, कृष्णेची. घाट फोडून तिचं पाणी पश्चिमेला आणलं, वीज केली, ते कोळकेवाडीच्या धरणात साठतं, तिथे पुन्हा वीज होते आणि मग वाशिष्ठीत येतं. वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. १९६२ पासून हे पाणी खाली यायला लागलं. त्याआधी उन्हाळ्यात चिपळूणच्या वर नदी पायी ओलांडता यायची असं आजी सांगायची. आता मे महिन्यातही थंडगार गोडं पाणी. आमच्या लहानपणी धक्क्याखाली तिसऱ्या (शिंपल्या) मिळायच्या, आता त्यासाठी बरंच खाली जावं लागतं.

पण हे पाणी सारखं नाही येत. विजेची मागणी वाढेल तसं सुटतं, म्हणजे बरंचसं संध्याकाळी. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास मुखाशी पूर्ण भरती. पुनवेला अकरा-साडेअकरा. गोवळकोटला त्याहून उशिरा लागते. तुमचं ते दोन घड्याळांचं वाचलं आणि रात्री झोप लागेना. म्हणजे अष्टमीच्या आसपास संध्याकाळी वरून अवजल आणि खालून भरती समोरासमोर येतात आणि पाणी तटून उभं राहतं. ते मी डोळ्यांनी बघितलंय, पाणी गरगर फिरतं पण जात कुठेच नाही. पुनवेला मात्र संध्याकाळी सुकती असते, तेव्हा अवजल तिला साथ देतं, धक्क्याच्या खांबांना पाणी खळाळून लागतं.

आजोबा म्हणायचे, "भांगाचं पाणी गाळ टाकतं, उधाणाचं उचलतं." अवजल आल्यावर त्यात काय बदललं हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

---

मेघना_चि | १४ जानेवारी, सकाळी १०:४०

दादा, मी तुमच्याच गावची, पेठमापची. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमच्या घरात पहिला मजला अर्धा पाण्यात होता. दोन दिवसांवर पौर्णिमा होती. आई माळ्यावर, मी आणि भाऊ कौलं काढून छपरावर. त्यानंतर नदीतला गाळ काढण्यासाठी शहरानं उपोषण केलं, तेव्हा कुठे यंत्रं आली. त्यामुळे इथे कुणी "गाळ काढून उपयोग नाही" असं म्हणू लागलं तर मला ते सहन होणार नाही, आधीच सांगते.

---

सागरवाट | १४ जानेवारी, दुपारी १२:१५

मेघना, तसं कुणी म्हणत नाही, मी तर नाहीच. पुराच्या पाण्याला जागा मिळावी म्हणून शहराजवळचा गाळ काढलाच पाहिजे. हुगळीवरून शिकण्यासारखं आहे ते काढलेला गाळ कुठे टाकायचा याबद्दल. तिथे ड्रेजर बारवरची वाळू उपसून नदीतच खाली नेऊन टाकायचे. त्यातली काही भरतीबरोबर परत यायची. तुमच्याकडे तो कुठे टाकला?

---

मेघना_चि | १४ जानेवारी, दुपारी १२:५०

बराचसा लोकांनी भरावाला नेला. काही ठिकाणी मात्र काठावरच ढीग राहिले आणि पुढच्या पावसात त्यांच्या कडा ढासळून नदीत गेल्या. ते मी स्वतः पाहिलंय, फोटोही आहेत. ढिगावर गवत उगवलेलं आणि नदीकडची बाजू सुरीनं कापल्यासारखी.

---

पाणमोजणी | १४ जानेवारी, दुपारी ३:२०

या दोघांच्या प्रतिसादांवर जरा वेळ घालवतो, कारण इथे हुगळी आणि वाशिष्ठी एकमेकींना भेटतात. दोन्ही नद्यांना दुसरीकडचं पाणी आणून दिलेलं आहे, कालव्यातून किंवा बोगद्यातून. दोन्हीकडे भरतीचा पंप चालूच आहे. फरक असा की हुगळीत कमतरता कोरड्या दिवसांत आहे, वाशिष्ठीत कोरड्या दिवसांत पाणी आधीपेक्षा जास्त आहे. तरी वाळूचे दांडे दोन्हीकडे सरकतात.

गोवळकोटकर, धरणांतून आलेलं अवजल गाळ मागे टाकून आलेलं असतं. नितळ पाणी भुकेलेलं असतं, वाटेत काठ आणि तळ खातं. ते खाल्लेलं खाडीत, भरती भेटेल तिथे, टाकतं. पावसात सह्याद्रीच्या उतारांवरून, दरडींतून येणारी माती ती वेगळी. तुम्ही म्हणता तसं समोरासमोरचं तटणं अष्टमीला गोवळकोटच्या जवळपास होत असेल, तर गाळ टाकण्याची जागा महिन्यात दोनदा थोडी खाली-वर हलत असणार. तर्क पटतो. पण मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

मोजायला यंत्र नको. सरळ बांबूवर वीत-वीत अंतरावर रंगानं खुणा करा. धक्क्यावर एक पक्की खूण ठरवा, पाण्याची उंची तिच्यावरून मोजा. रोज त्याच तीन जागी बांबू रोवा. दोन आकडे लिहा, पाणी किती आणि बांबू किती रुतला. तिथी, वेळ, पाऊस, अवजल सुटलं होतं की नाही, हेही लिहा. एक पंधरवडा पुरे. मात्र वाशिष्ठीत मगरी आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. होडीतूनच मोजा, एकटे जाऊ नका.

---

निनाद_ठाणे | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

माझा प्रश्न घाईचा होता हे आता कळलं. एक विचारतो. हातपाटीनं वाळू काढणारे आणि सक्शन पंपानं काढणारे, यांचा या वाटांवर परिणाम होतो का?

---

गोवळकोटकर | १४ जानेवारी, रात्री ९:१०

होतो, आणि फार होतो. हातपाटीवाला डुबी मारून टोपलीनं काढतो, थोडी काढतो आणि दांड्याच्या माथ्यावरून काढतो. पंप रात्रीत खड्डा पाडतो. मग आजूबाजूची वाळू त्या खड्ड्यात घसरते, काठ फुटतो, भाताच्या खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध जातो. आमच्या शेजारच्या वाडीचा बांध असाच गेला आणि शेतात खारं पाणी शिरलं. तक्रार केली, पंप चार दिवस दिसले नाहीत, मग परत आले. कुणाचं नाव घेत नाही. पण ती शेतं पडीक आहेत ती आहेतच.

---

हावड्याची_सून | १४ जानेवारी, रात्री १०:००

तुमचं वाचून घोडामारा आठवलं. सागर बेटाच्या वरच्या अंगाला असलेलं बेट, दरवर्षी कातरत चाललंय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तिथल्या. त्यांचं घर दोनदा मागे सरकवलं, तिसऱ्यांदा सरकवायला जमीन उरली नाही. नदीची वाट सरकते म्हणताना कुणाचं तरी अंगण त्या वाटेत येतं, एवढंच लिहायचं होतं.

---

गोवळकोटकर | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

पाणमोजणी सर, पंधरवडा पूर्ण झाला. अष्टमीपासून पुढच्या अष्टमीपर्यंत. चुलतभाऊ होडी धरायचा, मी बांबू. दोन दिवस चुकले, एकदा होडीला भोक पडलं आणि एकदा लग्न होतं.

तीन जागा : धक्क्यासमोर, दांड्याच्या शेपटाला आणि कालुस्त्याकडच्या खोल पाण्यात. धक्क्यासमोर पहिल्या अष्टमीला संध्याकाळी पाणी तटलेलं असताना वर मऊ गाळाचा थर होता, बांबू नुसत्या वजनानं चार बोटं आत गेला. मधल्या उधाणाच्या दुसऱ्या दिवशी त्याच जागी खाली खरखरीत वाळू लागली, बांबू टेकताच थांबला. पुढच्या अष्टमीला पुन्हा मऊ, या वेळी तीन बोटं. कालुस्त्याकडच्या खोल पाण्यात पंधरा दिवस काही फरक नाही.

दांड्याच्या शेपटाला मात्र उलटं निघालं. उधाणानंतर तिथे गाळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला, हातभर. सलग तीन दिवस मोजलं, तीनदा तेच. तो धक्क्यासमोरून उचललेला गाळ तिथे जाऊन बसतोय का, हे मला कळत नाही. वहीच्या पानांचे फोटो टाकतोय, आकडे तुम्ही बघा.

---

पाणमोजणी | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

शाब्बास. पानं पाहिली. उधाणाच्या रात्रीची ओहोटी तुम्ही मोजलेली नाही, आणि शेपटाकडचं उत्तर तिथेच असावं असं मला वाटतं. पुढच्या पौर्णिमेला मी चिपळूणला येतो. होडीला भोक नसेल असं बघा, आणि मेघनाताईंना जमत असेल तर त्यांनी घड्याळ आणि वही सांभाळावी.

---

मेघना_चि | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

येते. टॉर्चही आणते.